लाखेच्या तबकड्या आणि झाडीचें गाणें

जुन्या ध्वनिमुद्रिका जमविणें हा एके काळीं रिकामटेकड्यांचा छंद समजला जात असे. आतां तसें म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं. १९९० सालीं मुंबईंत भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था निघाली. १९९४ सालीं मायकेल किनिअर यांनीं ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ पर्यंतच्या हिंदी मुद्रणांची तपशीलवार जंत्री मुंबईच्याच पॉप्युलर प्रकाशनाकडून प्रसिद्ध केली. आणि ज्या तबकड्या माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या त्यांचे क्रमांक, तारखा व लेबलांचे रंग यांवर आज गंभीरपणें चर्चा होते. या परिश्रमी मंडळींनीं संगीताच्या इतिहासावर केवढे उपकार केले आहेत हें आम्ही जाणतों. त्यांच्या जंत्र्या नसत्या तर प्रस्तुत लेख लिहितांच आला नसता.

पण या शौकाच्या पोटीं एक विचित्र समजूत हळूहळू वाढत चालली आहे, आणि तिचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. जी तबकडी दुर्मिळ तिच्यावरील गाणें थोर, आणि जें गाणें तबकडीवर नाहीं तें जणूं कोणी गाइलेंच नाहीं, अशी ती समजूत होय. मुंबईपुण्याच्या दिवाणखान्यांत बसून ती खरी वाटणें साहजिक आहे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांत मात्र ती क्षणभरही टिकत नाहीं. तेव्हां या जुन्या तबकड्यांकडे एकदां तिकडून पाहावें असा आमचा विचार आहे.

तसें पाहण्याचा त्या रानांस थोडा अधिकारही आहे. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी कशाची केलेली असे? लाखेची. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर एक सूक्ष्म किडा वस्ती करितो. त्याच्या अंगांतून पाझरलेल्या राळेचें कवच फांदीवर सांचतें. तें खरवडून, धुऊन, वितळवून त्याची चपडा लाख बनते. तबकडीचें सारें द्रव्य लाखेचें नव्हे. दगडाची बारीक भुकटी, काजळी, थोडा कापसाचा तंतु हींही तींत असत. पण या सर्वांस एकजीव करणारी आणि सुईखालची नाजूक रेघ जशीच्या तशी राखणारी वस्तु लाखच. सगळ्या जगास ती मुख्यतः हिंदुस्थान पुरवीत असे, आणि ती येई छोटा नागपूर व मध्य हिंदुस्थान यांच्या रानांतून. ज्या जुन्या चांदा जिल्ह्यांतून १९८२ सालीं गडचिरोली हा निराळा जिल्हा काढण्यांत आला, त्या मुलखांतील गोंड व इतर रानवासी लोक मोहाचीं फुलें, डिंक, हिरडा यांच्याबरोबर लाखही गोळा करून आठवड्याच्या बाजारास नेत. १९४२ सालीं महायुद्धामुळें अमेरिकेंत लाखेची टंचाई पडली, तेव्हां तेथील सरकारनें तबकड्यांकरितां होणारा तिचा वापर ७० टक्क्यांनीं उतरविला, आणि कंपन्यांनीं जुन्या तबकड्या लोकांकडून परत घेऊन वितळविल्या. आज ज्यांच्यासाठीं लोक जीव टाकतात अशीं कितीएक गाणीं त्या भट्टींत गेलीं असतील. दुर्मिळपणा हा कसा निपजतो याचा हा एक नमुना. त्यांत कलेचा संबंध नाहीं. लाखेच्या भावाचा आहे.

हिंदुस्थानांत या धंद्याची सुरुवात १९०२ च्या नोव्हेंबरांत झाली. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गोहरजान प्रभृति गायिकांचीं गाणीं घेतलीं. मूळ ठसे जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं जात, तेथें तबकड्या छापल्या जात व आगबोटीनें परत येत. त्या काळच्या कित्येक मुद्रणांच्या शेवटीं गाणारी व्यक्ति आपलें नांव मोठ्यानें सांगते. आजच्या श्रोत्यास त्यांत ऐट दिसते; पण परक्या देशांतील कारागिराला ठसा कोणाचा हें कळावें, असा त्यांतला साधा व्यवहार सांगितला जातो. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदा भागांत कारखाना निघाला, आणि १९२८ सालीं डमडमचा मोठा कारखाना झाला. त्यामुळें एकाच गाण्याची हॅनोव्हरची प्रत आणि कलकत्त्याची प्रत अशा दोन जाती झाल्या. देवदूताचें चित्र असलेलें जुनें लेबल आणि कर्ण्यापुढें कान देऊन बसलेल्या कुत्र्याचें नवें लेबल अशा आणखी दोन झाल्या. संग्राहकांचे निम्मे वाद या भेदांवर रंगतात. गाणें तेंच, आवाज तोच, फरक काय तो कागदाच्या चकतीचा! त्या चकतीसाठीं कोणी चौपट दाम मोजीत असेल तर आमची मुळींच हरकत नाहीं. पण त्यास रसिकता म्हणूं नये. पोस्टाचीं तिकिटें जमविण्याचा तो एक जड प्रकार आहे.

कंपन्यांमधील झुंज मात्र कागदी नव्हती. या धंद्यांत पैसा आहे असें दिसतांच निकोल, बेका, ओडियन, पाथे अशा परदेशी कंपन्या पांचसहा वर्षांच्या आंत येथें उतरल्या. मुंबईंतून रामाग्राफ नांवाची तबकडीही निघाली. तोच गवई आज एकीसाठीं तर उद्यां दुसरीसाठीं गाई, आणि जी ती कंपनी त्याला करारानें बांधूं पाही. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि बेका, ओडियन या जर्मन मालाचा येथील व्यापार बसला. त्याच वर्षीं विलायतेंतील १९११ चा लेखाधिकाराचा कायदा हिंदुस्थानास लागू होऊन ध्वनिमुद्रिकेस ५० वर्षांचें संरक्षण मिळालें. पण कोणास मिळालें हें पाहण्यासारखें आहे. मूळ ठसा घडविला त्या वेळीं तो ज्याच्या मालकीचा, तोच त्या कृतीचा कर्ता समजावा, असें त्या कायद्यांत स्पष्ट म्हटलेलें आहे. म्हणजे गवई कर्ता नव्हे, तबलजी नव्हे, कर्ती कंपनी! चाल बांधणाऱ्याचा हक्क निराळा मानला होता खरा, परंतु आपल्याकडे चाल कागदावर उतरवून ठेवण्याची वहिवाट कितीशी होती? स्वतंत्र हिंदुस्थानच्या १९५७ च्या कायद्यांतही संगीतकृति म्हणजे लिहिलेली किंवा छापलेली कृति अशीच व्याख्या होती. ती १९९४ च्या दुरुस्तीनें सुटली. गाणाराचा स्वतःच्या गाण्यावरील हक्कही त्याच १९९४ सालीं कायद्यांत प्रथम आला. गोहरजानपासून मोजलें तर ९२ वर्षांनीं.

झुंजीचा शेवटही मौजेचा आहे. १९३१ सालीं ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया या विलायतेंत एक झाल्या, आणि ओडियन व पार्लोफोन यांची मालक जी लिंडस्ट्रॉम ही जर्मन संस्था, ती कोलंबियानें त्यापूर्वींच गिळलेली होती. त्यामुळें बाजारांत कुत्रा, कोलंबिया, ओडियन हे प्रतिस्पर्धी दिसत असले तरी तिजोरी एकच होती. कोणत्या लेबलाचा आवाज गोड यावर आमच्या वाडवडिलांनीं जे वाद घातले, ते एकाच सावकाराच्या तीन दुकानांविषयीं होते. या मक्तेदारीस मुंबईंत उत्तर देण्याचा प्रयत्न १९३५ च्या सुमारास ‘यंग इंडिया’ या लेबलानें झाला. वडाळ्यास तिचा कारखाना होता. नांवाजलेले गवई बड्या कंपनीनें आधींच बांधलेले, म्हणून तिनें नवोदित व हौशी कलावंतांचा आश्रय केला. वीसएक वर्षें चालून ती बंद पडली. आज तिच्या तबकड्या मिळत नाहींत म्हणून त्यांस मोठा भाव आहे. पण त्या मिळत नाहींत याचें कारण त्यांतील गुण नव्हे आणि अवगुणही नव्हे. बड्या कंपनीचे ठसे जपणारे वारस राहिले, यंग इंडियाचे राहिले नाहींत, इतकेंच.

आतां या सर्व खटाटोपांतून आपल्या संगीताचें काय हातीं लागलें याचा विचार करूं. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले. गैसबर्ग पुढच्या वर्षीं आला. एका वर्षाच्या अंतरानें मराठी रंगभूमीचा सर्वांत गाजलेला आवाज आपल्याला कायमचा अंतरला. हा दैवाचा भाग झाला. पण भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते आणि अल्लादियाखांसाहेब तर १९४६ पर्यंत होते. या दोघांचीही तबकडी निघाली नाहीं. ज्यांच्या शिकवणीवर निम्मा महाराष्ट्र गाइला, ते कंपनीच्या यादींत नाहींत! केवळ ध्वनिमुद्रिकांवरून कोणी मराठी मुलखाच्या गाण्याचा इतिहास रचूं लागला, तर त्याच्या इमारतीस दोन मुख्य खांबच असणार नाहींत, आणि तें त्याच्या ध्यानींही येणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, भास्करबुवांचे शिष्य आहेत ना तबकडीवर? आहेत, आणि नेमका हाच आमचा मुद्दा आहे. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली भास्करबुवांच्या. त्या बालगंधर्वांच्या कंठांतून तबकडीवर उतरल्या आणि घरोघर गेल्या. त्या तबकड्यांच्या कपाळावर नाटकाचें नांव असे, गाणाराचें असे, बहुधा रागाचेंही असे. चाल देणाराचें नांव सहसा नसे. तेव्हां भास्करबुवांची तबकडी नाहीं हें खरें, पण भास्करबुवा तबकडीवर नाहींत हें खोटें. संग्राहकाची जंत्री लेबलावरून तयार होते म्हणून तींत त्यांना जागा मिळत नाहीं. टीकाकाराचें काम जंत्री संपते तेथून पुढें सुरू झालें पाहिजे. आमच्याकडे अलीकडे तें जंत्रीपाशींच थांबतें.

बालगंधर्वांच्या तबकड्यांविषयीं एक स्पष्ट मत देऊन ठेवतों. तें कित्येकांस रुचणार नाहीं. त्या ऐकून त्यांच्या गायनाची थोरवी कळते असें म्हणणारे लोक अर्धेंच खरें बोलतात. रंगभूमीवर त्यांचें पद वन्समोअरमागून वन्समोअर घेत किती वेळ चाले याला सुमार नव्हता. तबकडीच्या एका बाजूस तीनसवातीन मिनिटें. तेवढ्यांत त्यांनीं जें भरलें तें अपूर्व आहे. पण सावकाश फुलणें, प्रेक्षकांच्या श्वासाबरोबर एखादी जागा पुनःपुन्हां नव्यानें घेणें, हा जो त्यांचा प्राण, तो त्या बाजूंत मावणारा नव्हता. या तबकड्या म्हणजे त्यांच्या गाण्याची अनुक्रमणिका होय. अनुक्रमणिका सुंदर आहे म्हणून ग्रंथ वाचल्याचें समाधान मानूं नये.

याच्या उलट अब्दुल करीमखांसाहेबांची गोष्ट. त्यांनीं १९०५ च्या सुमारास प्रथम गाणीं दिलीं, तेव्हां कर्ण्यांत तोंड घालून मोठ्यानें गावें लागे. हलका सूर मेणावर उमटत नसे. पुढें १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि खांसाहेबांनीं १९३७ सालीं निधन पावण्यापूर्वीं कांहीं वर्षें ओडियनसाठीं पुन्हां गाणीं दिलीं. या दुसऱ्या खेपेच्या तबकड्या कधींच फार दुर्मिळ नव्हत्या. त्या अमाप खपल्या, पुन्हांपुन्हां छापल्या गेल्या. बाजाराच्या हिशेबानें १९०५ चा ठसा सोन्याचा आणि हा पितळेचा. कानाच्या हिशेबानें मात्र उलट आहे. तीन मिनिटें ही अडचण आहे असें या तबकड्यांत जाणवतच नाहीं. एकेका सुरावर ठेहराव घेऊन त्यांनीं ती अडचण जिरवून टाकली आहे. ज्यास जुनी दुर्मिळ प्रतच अधिक प्रिय वाटेल त्यानें ती खुशाल कपाटांत ठेवावी, आणि ऐकण्यासाठीं दुसरी घ्यावी.

लेबलांचा लहरीपणाही सांगण्यासारखा आहे. गंगूबाई हनगल यांच्या आरंभींच्या तबकड्यांवर ‘गांधारी’ असें नांव छापलेलें आहे. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाविषयीं किती चोखंदळ होत्या हें सर्वश्रुत आहे. आणि १९७७ सालीं व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेर पाठविलेल्या सोनेरी तबकडीवर हिंदुस्थानची म्हणून जी एक गायिका गेली ती तीच. अल्लादियाखांसाहेबांची तबकडी पृथ्वीवर नाहीं, पण त्यांची तालीम आकाशांत आहे. हेंही लेबलावर लिहिलेलें नाहीं.

ही व्यथा एकट्या महाराष्ट्राची नव्हे. १९५० च्या आसपास अमेरिकेच्या शहरांतून निग्रो तरुणांचे चारपांच जणांचे मेळ रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून गात. एकजण पद म्हणे व बाकीचे अर्थहीन अक्षरांचा झुलता ठेका धरीत. त्या अक्षरांवरूनच पुढें या प्रकारास डू-वॉप असें नांव पडलें. लहान लहान कंपन्यांनीं त्यांच्या तबकड्या काढल्या. १९५४ सालीं ‘कॉर्ड्‌स’ नांवाच्या मेळाचें एक गाणें चालूं लागतांच गोऱ्या गायकांच्या एका मेळानें तें उचलून मोठ्या कंपनीकडून काढलें आणि मूळ मेळापेक्षां अधिक खपविलें. १९५६ सालीं तेरा वर्षांच्या फ्रँकी लायमननें गाजविलेल्या एका गाण्याचे कर्ते कोण, हा तंटा १९९२ पर्यंत चालला. मेळांतील दोघां जुन्या सोबत्यांच्या बाजूनें निकाल झाला, आणि १९९६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो मुदतीच्या मुद्यावर फिरविला. गाणें कोणी रचिलें यापेक्षां फिर्याद केव्हां लावली यालाच महत्त्व आलें. याच प्रकारांतील ‘फाइव्ह शार्प्स’ या मेळाची १९५२ ची एक तबकडी अत्यंत दुर्मिळ म्हणून संग्राहकांत पुराणासारखी सांगितली जाते. ती दुर्मिळ कां? तर त्या वेळीं ती कोणी घेतलीच नाहीं म्हणून. आणि उलटा विनोद असा कीं, १९६३ नंतरच्या दोनतीन वर्षांत विलायती बीटल्सचीं गाणीं, जीं इतरत्र नव्या पद्धतीच्या तबकड्यांवर निघत होतीं, तीं डमडमच्या कारखान्यांत जुन्या ७८ फेऱ्यांच्या लाखेवर छापलीं जात. त्या हिंदी तबकड्यांसाठीं आज परदेशचे शौकीन झुरतात. आम्ही कुर्ल्याच्या भंगारांत टाकावें आणि त्यांनीं काचेच्या पेटींत ठेवावें!

हें सर्व झाडीपट्टीच्या कानानें ऐकलें म्हणजे कसें वाटतें? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भातशेतीच्या व रानाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. दंडार, खडी गंमत, डाहाका असे तिचे जुने प्रकार; त्यांवर पुढें नाटकाचें कलम झालें. भाऊबीजेच्या मंडईपासून होळीपर्यंत, कापणी झालेल्या शेतांत, बहुधा शंकरपटाच्या निमित्तानें, मंडप पडतो. नाटक रात्रीं सुरू होतें आणि उजाडेपर्यंत चालतें. वडसा, म्हणजे देसाईगंज, हें या कंपन्यांचें ठाणें. गांवोगांवचे लोक तेथें येऊन प्रयोग ठरवितात. गाणें नटानेंच, समोर पेटी, तबला वाजत असतां, त्या क्षणीं गावयाचें. पुण्यामुंबईंत संगीत नाटकास उतरती कळा लागली, त्यानंतरही येथें हजारों माणसें थंडींत घोंगडी पांघरून पदें ऐकत बसलीं आहेत. २०२३ सालीं या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली तेव्हां कित्येक शहरी वाचकांनीं झाडीपट्टी हें नांव प्रथम ऐकलें असेल. कारण उघड आहे: हिची कोणी जंत्री केलेली नव्हती. तिच्या पदांस लेबल नव्हतें.

आणखी आंत, भामरागड-एटापल्लीकडे गेलें म्हणजे माडिया गोंडांचें रेला गाणें लागतें. हातांत हात गुंफून ओळीनें नाचावयाचें, एकीनें ओळ म्हणावयाची, बाकीच्यांनीं ती उचलावयाची. आणि ज्या शब्दावरून गाण्यास नांव मिळालें तोच शब्द लाटेसारखा पुनःपुन्हां येत राहावयाचा. अमेरिकेच्या रस्त्यावरील पोरांचा आणि या मुलींचा परस्परांशीं कसलाही संबंध नाहीं. तरी शब्दाचा अर्थ बाजूस ठेवून त्याच्या नादावर समुदायानें उभें राहण्याची ही युक्ति दोघांनीं आपापल्या जागीं शोधून काढली. तिकडच्या नादावरून खटले झाले, लिलांव झाले, ग्रंथ झाले. इकडच्या नादाविषयीं संगीताच्या आमच्या मासिकांत किती पानें खर्ची पडलीं, तें वाचकांनींच आठवून पाहावें.

गोंडीची तबकडी मुळींच निघाली नाहीं असें नव्हे. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या निमित्तानें १९१३ ते १९२९ च्या दरम्यान प्रांतोप्रांतींच्या सरकारांनीं बोलींच्या ध्वनिमुद्रिका करविल्या; मध्यप्रांताच्या संचांत गोंडीही आहे. या तबकड्या बाजारांत कधीं विकल्याच गेल्या नाहींत. दुर्मिळपणाच्या शर्यतींत त्या बेका व यंग इंडिया यांस सहज मागें टाकतील. बहुतेक बोलींत बोलणारानें सांगितलेली गोष्ट एकच: बायबलांतील उधळ्या पुत्राची. सर्व बोलींची तुलना करतां यावी म्हणून एकच मजकूर ठरलेला होता, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीनें ती पद्धति चुकीची म्हणतां येणार नाहीं. त्याखेरीज कोठें एखादी गोष्ट, कोठें एखादें गाणें घेतलेलें आहे. पण ज्या रानाची लाख जगभर गात फिरली, त्या रानाची भाषा तबकडीवर प्रथम बोलली ती परक्याच्या घरची गोष्ट. शिकागो विद्यापीठानें या ध्वनिमुद्रिका आतां आंतरजालावर सर्वांस खुल्या केल्या आहेत. कोणीही ऐकाव्या, बोलणाराच्या आवाजांत जो संकोच आहे तोही ऐकावा.

आज परिस्थिति पालटली आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रिकेवरील हक्क सध्यांच्या कायद्यानें ६० वर्षें राहतो, म्हणून त्या लाखेच्या बहुतेक सर्व मुद्रणांवरील कंपन्यांचा दावा संपला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार व चाल देणारे यांस उत्पन्नाचा जो वांटा दिला, तो त्यांनीं कंपनीस लिहून देऊं म्हटलें तरी देतां येत नाहीं. कागदावर झाडीपट्टीच्या संगीतकाराइतका सुरक्षित मनुष्य आतां दुसरा नाहीं. प्रत्यक्षांत काय होतें? मंडपांतील शेंदीडशें लोक हात वर करून भ्रमणध्वनीवर पद टिपून घेतात, आणि सकाळीं तें यूट्यूबवर चढलेलें असतें. ज्यानें चढविलें त्याच्या वाहिनीचें नांव पडद्यावर ठळक. नटीचें असलें तर असतें. पद कोणी लिहिलें, चाल कोणाची, पेटीवर कोण, प्रयोग कोणत्या गांवीं, यांपैकीं कांहीं नसतें. १९१४ च्या कायद्यानें ठसा ज्याचा त्याची कृति ठरविली होती. कायदा गेला, वहिवाट तशीच आहे. ठशाच्या जागीं खिशांतलें यंत्र आलें.

हें मुद्रण थांबवावें असें आम्ही म्हणत नाहीं. थांबविल्यानें थांबणारही नाहीं. लाखेच्या काळांत या मुलखाच्या वाट्यास जी उपेक्षा आली तिच्यापेक्षां ही गर्दी शतपटीनें बरी. पण तीस वर्षांनीं कोणी जंत्रीकार या पदांचा शोध घेऊं लागेल, तेव्हां त्याच्यापुढें हजारों गाणीं असतील आणि त्यांस आईबाप नसतील. हॅनोव्हरच्या कारागिराकरितां गोहरजान शेवटीं आपलें नांव सांगत असे. तेवढी सोयसुद्धां या पदांस नाहीं. नागपूरच्या व गडचिरोलीच्या विद्यापीठांतील मराठीच्या विद्यार्थ्यांनीं पुढच्या भाऊबीजेपासून एका हंगामापुरतें हें काम अंगावर घ्यावें. दहा कंपन्या, प्रत्येकीचे दोन प्रयोग, प्रत्येक पदापुढें पांच रकाने: पद, चाल, गाणारा, साथ, गांव व तारीख. यंत्राची गरज नाहीं, वही पुरेल. आणि विचारपूस नटापासून सुरू न करितां पेटीवाल्यापासून करावी. नट हंगामागणिक कंपनी बदलतात. कोणती चाल कोणत्या नाटकांतून कोणी कोठें वळवून आणली, हें त्या माणसाला पक्कें ठाऊक असतें.